चौदा जातींचा तलाव

६ मे १९७९, रविवार

तलावात पाणी उरलं गुडघाभर. त्यात आज चौदावी जात सापडली! बोटाएवढी, अंगावर काळा ठिपका, शेपटी लाल. आनंदाबाई ढिवरीण म्हणते, हिला नावबिव नाही, ही नुसती चिल्लर. मला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. लोणच्याच्या बरणीत घालून घरी आणली, पाहून झाल्यावर परत सोडली. बायकोने, मनकर्णाने, बरणीकडे पाहिलं. मग गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. म्हणजे बरणी गेली कामातून.

८ मे

पुंडलिकरावांनी चहाला बोलावलं — ते मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. येत्या रविवारी तलावात मोहाची ढेप टाकणार. ढेपेनं होता नव्हता तो मासा मरतो, मग रोहू-कटल्याचं बीज सोडायचं. त्यांचंही खोटं नाही, वीस ढिवर घरांचं पोट आहे. म्हणाले, "गुरुजी, त्या कचरा मासोळ्या ठिऊन काय करता?"

कचरा! सहा वर्षं झाली मला या तलावातल्या जातींची यादी करायला. शाळेत कुणी विचारत नाही, घरी कुणी विचारत नाही, पण आहे ती यादी.

९ मे

ठरलं. सुट्टीच आहे. रविवारच्या आत चौदाही जाती काढायच्या आणि शाळेच्या हौदात ठेवायच्या. पुढचं पुढे.

१० मे

गाढव आहे मी! काल पाच जातींच्या मासोळ्या एकाच घागरीत ठेवल्या, त्यात एक मरळ. सकाळी पाहतो तर घागरीत एकटी मरळ, पोट तट्ट फुगलेलं. आनंदाबाई पदर तोंडाला लावून हसली. "मांजरीलेच दूध राखाले बसोलं तुमी, गुरुजी." मरळीला तेवढं हौदात सोडलं. ती मजेत आहे.

उद्या वर्ध्याला जातो. मत्स्य खात्याच्या साहेबांना सांगतो, एक कोपरा तरी बांध घालून सोडा.

१२ मे

काल ऑफिसच्या बाकावर तीन तास. साहेब माणूस चांगला, चहा पाजला. पण हुकूम वरून आलेला. एस.टी. चुकली, बोरगावला बहिणीकडे, कांताताईकडे मुक्काम केला.

आज दुपारी गिरडच्या फाट्यावर उतरलो तिथेच कळलं. ढेपेच्या बैलबंड्या एक दिवस आधी आल्या, सकाळीच टाकून मोकळे झाले. पाण्यावर पांढरी पोटं. कावळे. बांधावर बसून रडलो — कुणी पाहिलं असेल तर पाहो.

१३ मे

यादीची वही न उघडताच ट्रंकेत टाकली.

१६ मे

मनकर्णा हल्ली पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते. विचारलं, तर म्हणे उन्हाळा आहे. तिचा खांदाही दुखतोय. मला कशातच रस नाही.

२० मे

सकाळी मनकर्णाने विहिरीवरून हाक मारली. बादलीत बोटभर मासोळी. काळा ठिपका, लाल शेपटी!

शुक्रवारी मी बाकावर बसलो होतो, तेव्हा मनकर्णा यादीची वही घेऊन तलावावर होती. हिने नावं वाचायची, आनंदाबाईने पकडून द्यायची. दोघींनी डोक्यावर घागरी वाहिल्या, दिवस मावळेपर्यंत. तू इतके दिवस बोलली काऊन नाहीस, म्हटलं. म्हणाली, जगतात की नाही ते आधी पाहायचं होतं, तुम्हाला दोनदा रडवायचं नव्हतं.

पण आपल्या पिण्याच्या विहिरीत? माळकरीण असून?

"मी खात नाई, म्हणूनच त. माह्या विहिरीत त्याइले कोन खाईन?"

ट्रंकेतून वही काढली. बारा नावांपुढे पेन्सिलीची बरोबरची खूण. मरळीपुढे फुली. आणि चौदाव्या, बिननावाच्या जागी तिच्या अक्षरात — ठिपकी.