फास्टनाख्ट आणि बाबांचं लुगडं

९ फेब्रु., सोम.
जर्मनच्या क्लासला मला विषय मिळाला: फास्टनाख्ट. फास्ट म्हणजे उपवास, नाख्ट म्हणजे रात्र. ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासाआधीची रात्र, म्हणून आधी खाऊनपिऊन, नाचून घ्यायचं. काही भागांत फाशिंग म्हणतात. त्याचा मूळ अर्थ उपवासाआधीचा शेवटचा प्याला. कोणी म्हणतं, ही थंडीला हाकलायची जुनी रीत. नक्की कोणालाच माहीत नाही. मुखवटे घालतात, पुरुष बायकांचे कपडे घालून नाचतात.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या गावातलं असं काही सांगा." पुढच्या मंगळवारी जर्मनीच्या दवाखान्यातली बाई ऑनलाइन ऐकणार. तिला पटलं तर नर्सची नोकरी.

लगेच बाबा आठवले. आठवले म्हणून मी चिडले.

११ फेब्रु.
जेवताना बाबांना सांगितलं. खुश. "मंग आपल्या दंडारीवानीच हाय ना वो. माहा फोटू दाखवजो."
दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथे दंडार असते, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, त्यात बाबा बाई होऊन नाचतात. वीस वर्षं. हिरवं लुगडं, नथ. फोटो स्वतः पुसून दिला. त्यांना कधीच लाज वाटली नाही. मला शाळेत 'नाच्याची पोरगी' म्हणायचे, ते त्यांना सांगितलेलं नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
छान बोलले. अर्थ, मूळ, शेवटचा प्याला, सगळं. मग जर्मनीच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे असं काही? फोटो पर्समध्ये होता. म्हटलं, नाही, आमच्या गावात पुरुष असलं करत नाहीत.
उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाबा न्यायला आले होते, दारात उभे. मी जर्मनमध्येच बोलले होते, त्यांना कळणार नाही म्हणून निर्धास्त होते. पण बाकीच्यांना कळावं म्हणून मॅडमनी हिंदीत सांगितलं, "देखो, कितना साफ बोली. इनके गाँव में मर्द साडी पहनके नहीं नाचते."

बाबांनी गाडीला किक मारली. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा म्हणाले, "जमला ना?"
"हो."
"मंग झालं."
त्यांच्या पाठीमागे बसायची लाज वाटली. त्यांची नाही, माझी.

१८ फेब्रु.
तिकडे आज उपवास सुरू. मॅडमचा मेसेज: बाई खुश, सोमवारी परत बोलणार, गावातल्या सणाबद्दल.
बाबांनी दंडारीच्या मंडळाला कळवलं, औंदा दुसरा पाहा. आई मला विचारत होती, "काऊन वो, असं काय झालं यायले?" मी भांडी घासत राहिले.

२२ फेब्रु., रवि.
लुगडं घडी करून पेटीत. फोटो अजून पर्समध्येच.
सकाळपासून एकच वाक्य जर्मनमध्ये पाठ करतेय: माझे बाबा दंडारीत बाई होऊन नाचतात आणि फार सुंदर नाचतात. गोठ्यात म्हशीपुढे म्हणून पाहिलं. अडखळले नाही.
उद्या बाईंना सांगता येईल. पण बाबांना जर्मन येत नाही. त्यांना मराठीत सांगावं लागेल, आणि ते अजून एकदाही म्हणून पाहिलेलं नाही.