विचारून घ्यायचं माप

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. युद्धातून जीव घेऊन निघालेल्या बायका आणि मुली इथं एका बंद पडलेल्या शाळेत राहतात. सैनिकांनी त्यांचे काय हाल केले ते कुणी विचारत नाही. ज्यांना सांगावंसं वाटतं त्या डॉक्टरीणबाईंना सांगतात. मी फक्त शिवण शिकवते.

पण ताई, मी माती खाल्ली. पंधराएक वर्षांची एक मुलगी आहे. तोंडातून शब्द नाही, पण नुसत्या नजरेनं चटका देते, म्हणून बायकांनी तिचं नाव लवंगी ठेवलंय. परवा आपल्या शिवणाच्या दुकानातल्या सवयीनं मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर मापाची टेप टाकली. ती किंचाळत कोपऱ्यात गेली आणि कात्री धरून उभी राहिली. आता खोलीबाहेर येत नाही. डॉक्टरीणबाईंकडे नुकती कुठे जायला लागली होती, तेही बंद. बाई मला रागावल्या नाहीत, तिला ओढून आणू नका एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वाटतं, परत यावं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
बेबी

११ मार्च

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग कीव आली, आता पुन्हा राग आलाय. परत येऊन काय करणार? त्या पोरीचं काय?

नीट ऐक. माफी एकदाच माग, दाराबाहेरून. रोज मागत बसलीस तर तुझी समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात पडेल. टेप खुंटीला टांगून ठेव. बायकांनी माप तुझं घ्यायचं, तू कुणाचंही नाही. तुझी कंबर सगळ्यांना पुरून उरेल. आणि हे डॉक्टरीणबाईंना विचारून कर, उगाच डोकं चालवू नकोस.

तुझे भावोजी विचारतात, जेवतेस ना वेळेवर.

माया आहेच, पत्राला उशीर नको.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. दाराबाहेरून माफी मागितली, एकदाच. वर्गात बायका माझं माप घेतात आणि पोट धरून हसतात. झालं तुझं समाधान?

मागच्या आठवड्यात लवंगी दारात येऊन उभी राहिली. मी मान खाली घालून दोरा ओवत राहिले. तिनं एकटीनं एक मशीन ओढत फिरवलं आणि पाठ भिंतीला लावून बसली. आपल्या दुकानात उजेडासाठी मशिनं खिडकीकडे तोंड करून असतात, तशीच मी इथं मांडली होती, सगळ्यांची पाठ दाराकडे. बघता बघता बाकीच्यांनीही आपापली फिरवली. त्यांनाही दाराकडे पाठ नकोच होती, मला कुणी बोललं नव्हतं इतकंच. आता उजेड कमी पडतो, पडू दे.

आज तिनं टेप घेतली, माझ्यासमोर आली, माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं आणि थांबली. मी मान डोलावल्यावरच तिनं हात लावला. माझे डोळे भरून आले गं, पण हलले नाही, माप चुकलं असतं. मग मी तिला विचारलं, तुझं घेऊ का. ती नाही म्हणाली. तिचा बोलण्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, चांगला खणखणीत आहे. सगळी मशिनं थांबली. मी बरं म्हटलं आणि मागे सरले. ती बघत राहिली, मी पुन्हा विचारते की काय म्हणून. नाही विचारलं.

मग तिनं स्वतःचं माप स्वतःच घेतलं. दुपारी आपण होऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि दार आतून तिनंच लावून घेतलं.

लोभ असू दे, अधूनमधून रागही चालेल.
बेबी