सोमवारचा झाडू

शेलू,
दि. ६ नोव्हेंबर १९८९

प्रिय उत्पला,

सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. आमच्याकडे सगळे बरे आहेत. भात कापून झालं, झोडणी चालू आहे, त्यामुळे हाताला फोड आलेत आणि अक्षर हे असं वाकडं येतंय. निवडणुकीच्या भोंग्यांनी डोकं उठवलंय. परवा दहिवलीच्या नाक्यावर तुझे बाबा दिसले. मी "श्रीपतकाका, जय भीम" म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढे गेले.

खोपोलीला आत्याकडे राहून कंपनीच्या संगणकावर बसतेस हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. आई म्हणाली, "काय रं कमळ्या, येडा झालास का?" मी म्हटलं, "आई, आपल्या उत्पलाला नवं यंत्र मिळालं." आई म्हणाली, "तिला मिळालं, तुला काय मिळालं?"

आता तुझा प्रश्न. तू लिहितेस, "यंत्रात विंडोज आहे. साहेब म्हणतात, फुकटात मिळणारे जे चांगले प्रोग्रॅम असतील ते आणा. कुठले घेऊ, कुठले टाळू? तूच सांग. माझा आता स्वतःच्या हातावर विश्वास उरलेला नाही."

शेवटचं वाक्य चार वेळा वाचलं. त्यावर नंतर बोलू.

पहिली गोष्ट, लॅमिंग्टन रोडवरचा माणूस एका फ्लॉपीत चाळीस प्रोग्रॅम भरून देतो, त्यांतले पस्तीस टाकून दे. घड्याळ दाखवणारे, पडद्यावर मासे पोहवणारे, हे घेऊन करायचंय काय? यंत्राची स्मृती आधीच तोकडी, त्यात विंडोज उघडलं की ते धापा टाकतं. जे रोज लागत नाही ते यंत्रात घालायचंच नाही, फ्लॉपीवर ठेवायचं.

मी ठेवतो ते चारच. आपल्या ऑफिसात मी त्यांना नावं दिली होती तीच लिहितो, तुला ओळखू येतील. वैद्य हा डिस्क तपासतो. त्याला आठवड्यातून एकदा बोलवायचं, पण आधी विंडोजमधून पूर्ण बाहेर यायचं. आत विंडोज चालू असताना डिस्कला हात लावणारा कुठलाही प्रोग्रॅम चालवायचा नाही. राखणदार व्हायरस शोधतो. तो ज्या फ्लॉपीवर आहे तिच्या खाचेवर चिकटपट्टी लाव, म्हणजे तिच्यावर कुणी काही लिहू शकणार नाही, आणि यंत्र सुरू करतानाच स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू कर. नाहीतर राखणदारालाच रोग. पोटली फायली आवळून लहान करते, एका फ्लॉपीत तिप्पट माल मावतो. आणि शोध्या.

शोध्या सगळ्यांत हुशार. आपण फाईल पुसतो तेव्हा ती लगेच जात नाही. यंत्र फक्त लिहून ठेवतं की ही जागा आता मोकळी. घर उठलं तरी जोतं राहतं, तसं. शोध्या ते जोतं हुडकून घर परत उभं करतो. पण मधल्या वेळात त्या जागेवर दुसरं काही येता कामा नये. आलं की संपलं.

फुकटच्या प्रोग्रॅमची पारख एवढीच: त्याच्याबरोबर माहितीचा कागद किंवा फाईल असली पाहिजे, करणाऱ्याने आपलं नाव-पत्ता लिहिलेला असला पाहिजे. ज्याने नाव लपवलंय त्याचा प्रोग्रॅम घेऊ नकोस.

इकडची बातमी. आपल्या संस्थेतलं यंत्र बंदच आहे, मालनताईंनी त्यावर गोधडी घातली आहे. खालापूरची तारीख लागली, अठरा डिसेंबर. डोंगरातली चौऱ्याहत्तर घरं कुठला तुकडा किती सालापासून कसतात, ते त्या दिवशी तहसील कचेरीत मांडायचंय, आणि मांडायला तू दीड वर्ष खपून गोळा केलेलं काहीच उरलेलं नाही. ताई कुणाला बोलत नाहीत. नुसत्या चष्मा पुसत बसतात.

पनवेलकडच्यांचं काय झालं ते विचारत नाही. मला काय करायचंय.

थंडीत स्वेटर घालत जा. खोपोलीला घाटाचं वारं येतं.

तुझा,
कमळाकर


शेलू,
दि. २४ नोव्हेंबर १९८९

उत्पला,

तुझं पत्र आलं. दोन ओळींचं. "यादीत झाडू नाही. आपल्या भिंतीवरच्या कागदात तो पहिला होता. विसरलास की मुद्दाम गाळलास?"

विसरलो नाही.

याला उत्तर म्हणून मी आधी एक पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं की झाडू हा बेभरवशाचा प्रोग्रॅम आहे, फुकटच्या मालाचं हे असंच, त्यानेच आपली फाईल खाल्ली, तुझा दोष नाही. दोन पानं झाली होती. छान जमलं होतं. फाडलं. झाडूचा काही दोष नाही. डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या फायली उचलून तो एकापाठोपाठ एक लावतो, मधल्या मोकळ्या जागा भरून काढतो. त्याने त्याचं काम चोख केलं. तूही केलंस. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "दर सोमवारी सकाळी, इतर काही करण्याआधी, झाडू." एकवीस ऑगस्टला सोमवार होता. तू साडेनऊला आलीस, खुर्ची पुसलीस आणि झाडू चालवलास. मी दहाला आलो.

थांब. आधी दुसरं सांगतो.

गणपती झाल्यापासून मी दर रविवारी वाड्यांवर जातोय, कुणाला न सांगता. तू लोकांना शब्द दिला होतास ना, की यंत्रात उतरवून झालं की ज्याचा अंगठा त्याला कागद परत? कधीकाळी कुणीतरी कोऱ्या कागदावर त्यांचे अंगठे घेऊन गेला होता, तेव्हापासून अंगठ्याचा कागद ते ऑफिसात राहू देत नाहीत. जूनमध्ये तू घरोघर परत दिलेस तेव्हा मी तुला हसलो होतो. "उत्पला टपालखातं," म्हणालो होतो. आता तेच कागद कुडाच्या भिंतीत, बांबूच्या नळीत, चुलीवरच्या माळ्यात सापडतायत. अठ्ठावन्न मिळाले, मी त्यांची नक्कल करून लगेच परत दिले. आणखी सहांवर धूर आणि पाणी, अक्षर लागत नाही. नऊ वाळवीने खाल्ले.

ज्यांचे गेले त्यांना मी पुन्हा विचारायला बसलो. गोदाबाईला विचारलं, "माळावरचा तुकडा कुठल्या सालापासून?" ती म्हणाली, "साल काय असतं?" मी चिडलो. तू कशी विचारायचीस ते आठवलं, थोरल्याला दात आले होते का, धाकटी पाठुंगळीला होती का, विहिरीत रानडुक्कर पडलं त्याच्या आधी की नंतर, आणि मग बोटांवर मोजून साल लिहायचीस. मी तसं विचारून बघितलं. गोदाबाई म्हणाली, "तुला कशाला पायजे माज्या पोराचे दात?" मला ते येत नाही. तुझ्याशी लोक बोलतात. मी विचारलं की चौकशी वाटते.

राहिला एक. चांगोबाबाचा.

गेल्या रविवारी त्याच्या ओट्यावर गेलो. बाबा बांबूच्या काड्या तासत होता, सून सोमी नाचणी पाखडत होती. मी कागद मागितला.

"कागद हाय. तुला नाय देनार."

"का बाबा?"

"ज्या बाईनं घेतला तिनं परत दिला. तू कोन?"

"मी तिच्याच ऑफिसातला."

"मंग ती का नाय आली?"

"तिनं काम सोडलं."

"सोडलं का सोडवलं?"

मी म्हटलं, तिच्या हातून सगळी माहिती पुसली गेली, म्हणून तिनेच राजीनामा दिला. बाबाने कोयता खाली ठेवला. म्हणाला, "कागद द्याया ती भर पावसात दोन वढे उतरून आली व्हती. साडी गुडघ्यापोत भिजलेली, आन कागद सुका. तिच्या हातनं पुसलं? तू बगितलंस का रं पुसताना?"

उत्पला, तीन महिने मला हे कुणी विचारलं नव्हतं. मालनताईंनी नाही, तू नाही. तू तर मी आल्या आल्याच "माझ्या हातून झालं" म्हणून रडायला लागलीस. बाबाने विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "मीच पुसली."

सोमीचं सूप थांबलं. ती म्हणाली, "मंग तीन महिने तोंडात काय भात धरून बसला व्हतास?"

तर आता ऐक. शनिवार, एकोणीस ऑगस्ट. दुपारी डबा खाताना तू म्हणालीस, पनवेलहून मंडळी बघायला आली होती, मुलगा शिक्षक आहे. मी विचारलं, "कसा आहे?" तू म्हणालीस, "बरा वाटला." एवढंच. मग तू हात धुतलेस, छत्री घेतलीस आणि एस.टी. पकडायला गेलीस. मी तुला पुढच्या महिन्यात विचारणार होतो. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. ते आता लिहीत नाही, त्याचा हक्क राहिला नाही.

मी यंत्रापुढे बसलो. तुझी फाईल उघडली, चौऱ्याहत्तर घरं, आणि पुसली. नुसता राग असता तर निदान रागाने पुसली असं म्हणता आलं असतं. माझ्या डोक्यात त्याहून घाण होतं. शोध्या माझ्याकडे होता. मला माहीत होतं, पुसलेलं परत आणता येतं. सोमवारी तू घाबरशील, रडशील, मग मी बाह्या सरसावून बसेन, पाच मिनिटांत सगळं परत आणेन आणि तू माझ्याकडे बघशील. पनवेलच्या मास्तराला असं काही येणार नाही. एवढ्यासाठी. कॉलेजात सरांची कॉलर धरली आणि दुसऱ्या वर्षातून बाहेर पडलो तेव्हा निदान समोरासमोर होतं.

सोमवारचा झाडू मी विसरलो. स्वतः लिहून भिंतीला चिकटवलेला. मी येईपर्यंत त्याने त्या मोकळ्या जागेवर दुसऱ्या फायली लावल्या होत्या, शोध्याला जोतंही सापडलं नाही.

आणि नकलेची फ्लॉपी? तू त्या दिवशी मला विचारलंस, "कमळाकर, दुसरी फ्लॉपी आहे ना?" मी म्हणालो, खराब झाली. ती खराब नव्हती झाली. जुलैत लॅमिंग्टन रोडवर गेलो तेव्हा कोरी फ्लॉपी नव्हती, म्हणून तीच पुसून तिच्यावर चाळीस फुकटचे प्रोग्रॅम भरून आणले. पडद्यावर मासे पोहवणारासुद्धा. तो तुला दाखवला तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास.

हे सगळं चांगोबाबाला सांगितलं. फ्लॉपी त्याला कळली नसेल, बाकीचं कळलं. म्हणाला, "लिव."

मी ओट्यावर बसून लिहिलं. सही केली. बाबाने कागद उलटसुलट बघितला. "सही नको. शिकलेल्याची सही, उद्या बोलशील माजी नाय. अंगठा दे." सोमीने तव्याची काजळी तेलात कालवून आणली, माझा अंगठा स्वतः धरून त्यात बुडवला आणि म्हणाली, "दाब. अजून. लाजू नको आता."

तसे दोन कागद केले. एक मंगळवारी मालनताईंच्या पुढे ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि पुसला नाही, टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "किल्ली ठेव आणि जा." मी किल्ली ठेवली. मग त्यांनी मागून हाक मारली, "अठ्ठावन्न नकला कुठे आहेत?" त्या दिल्या. श्रीपतकाकांकडे बुधवारी गेलो. त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, बाहेर उभ्यानेच ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "माझी पोरगी खोपोलीला जाईपर्यंत जेवताना मान वर करत नव्हती." मी जय भीम म्हटलं नाही. तोंड नव्हतं.

आता काम. पंधरा घरं उरलीत, नऊ वाळवीची, सहा धुराची. चांगोबाबा आपला कागद तुलाच देणार. त्या पंधरा घरांकडून साल काढणं तुझ्याशिवाय कुणालाच जमणार नाही. मालनताई रविवारी, तीन डिसेंबरला, सकाळी आठ वाजता खालापूरच्या एस.टी. स्टँडवर थांबतील. तुझ्या साहेबांना त्या स्वतः पत्र लिहितायत. तू आलीस तर मी तिथे नसेन, तसं ताईंना सांगितलंय. नाही आलीस तर तोही तुझा हक्क आहे. चौऱ्याहत्तर घरांसाठी ये, असं म्हणायची माझी लायकी नाही. सोमी मात्र म्हणाली आहे, "बाईला सांग, नाचणीची भाकर ठेवते."

नव्या यंत्रात झाडू घाल. चांगला आहे. फक्त त्याच्या आधी दरवेळी नक्कल काढ, दोन फ्लॉप्यांवर, आणि एक फ्लॉपी घरी ने. माझ्यासारख्याच्या हाती देऊ नकोस. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही.

सोबत दुसरा कागद जोडला आहे. कंपनीत, घरात, पनवेलला, कुणी तोंड वर करून काही बोललं तर पुढे कर. अंगठ्याचा कागद ज्याचा त्याला परत द्यायचा हा तुझा नियम आहे.

हा परत देऊ नकोस.

कमळाकर सखाराम, राहणार शेलू
(अंगठा डाव्या हाताचा)