उजवे दोन कळे

देवबाग,
१९ मे १९८४

ती. चंद्रावतीआत्येस सीतेचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच. सहावा महिना चालू आहे, वाकणं हल्ली कागदावरच होतं.) तुझा गुडघा कसा आहे? कुडाळच्या वैद्याचं तेल लावतेस ना, की त्याचीच शिकवणी घेतेस? निवृत्त झाल्यापासून खडूला हात लावला नाही आणि लावणारही नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. वाचून कौतुक वाटलं.

आता माझं. विजयदुर्गची नोकरी रजेच्या जागेवरची होती, ती एप्रिलात संपली. तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी एसटीने घरी यायचं, हे पोर झाल्यावर जमणारं नव्हतंच. म्हणून खाडीपलीकडच्या गावातल्या हायस्कुलात गणिताची जागा निघाली तेव्हा लगेच अर्ज टाकला. घरापासून तरीने, म्हणजे खाडीच्या होडीने, पंधरा मिनिटं. ही मिळाली तर नोकरीही राहील आणि पोरही जवळ राहील. नाही मिळाली तर दोहोंतलं एक सोडायचं, आणि पोर काही आता सोडता येत नाही. मला दोन्ही हवंय. हा हावरेपणा असेल तर असो.

मुलाखतीला जाताना पोट झाकायचं ठरवलं. माईंनी (म्हणजे सासूबाईंनी) आपली खळीची कडक साडी दिली, आणि पुढे मी सर्टिफिकेटांची फाइल धरली. तरीत मासे विकणारी शेवंती समोर बसली होती. ती म्हणाली, "गो बाय, फाइल वायच खाली धर. हयसून दिसता."

मुलाखत बरी झाली. दोन गणितं घातली, दोन्ही सोडवली. मग संस्थेचे अध्यक्ष भिकाजी म्हणाले की मंडळींचं समाधान आहे, पण देवाला विचारल्याशिवाय आता मास्तरीण घेत नाही. (गेल्या वर्षी न विचारता घेतलेली दिवाळीत लग्नाला म्हणून गेली ती परतलीच नाही.) म्हणून सगळे देवळात. गुरव महादूने पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलांचे कळे चिकटवले. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बायेक शाळेत घेवची आसात तर उजवो कळो दी, नाय तर डावो." मंडळी म्हणाली, "होय म्हाराजा." मी मनातल्या मनात सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं.

आत्ये, उजवे दोन कळे एकदम पडले. महादूने डोकं खाजवलं. "बाय एक आणि कळे दोन. ही एकटी नाय." सगळ्यांनी माझ्या फाइलीकडे पाहिलं. भिकाजींनी विचारलं, "कितवो?" मी स्वच्छ कचेरीच्या मराठीत सांगितलं, "सहावा." टिपण घेणाऱ्या कारकुनाने अनुभवाच्या रकान्यात सहा वर्षं लिहिली. मी म्हटलं, अहो, चारच आहेत. तर म्हणाला, देवासमोर खोडाखोड नको.

भिकाजी मात्र गंभीर झाले. "म्हंजे ऑगस्टात रजा. धावीच्या पोरांका गणित कोण शिकवतलो? देव?" कोणी हसलं नाही. नोकरी हातची चाललेली मला दिसत होती आणि मी फार घाबरले. तेव्हा मी सुचलं ते बोलले. मंडळींनी कोपऱ्यात जाऊन विचार केला आणि मान्य केलं. काल ऑर्डर आली. ती हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडले. माईंना वाटलं नकार आला, त्यांनी समजूत काढायला सुरुवात केली, ती मी पुरती ऐकून घेतली. बरं वाटत होतं.

बाकी इकडे सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझी
सीता

ता. क. देवळात मी काय बोलले ते लिहायचं राहिलं. म्हटलं, दुसरा कळा पोराचा नव्हे, माझ्या आत्येचा. पस्तीस वर्षं तिने गणित शिकवलंय, रजेचे तीन महिने ती येईल. तुझं नाव ऐकून भिकाजी एकदम ताठ बसले. (तू त्यांना दोनदा नापास केलं होतंस म्हणे.)

आणखी एक. नाही म्हणायला तू मोकळी आहेस, पण मला कळवून उपयोग नाही. उजवा पडलेला कौल परत करायचा तर ज्याचा त्याने स्वतः येऊन देवाला सांगावं लागतं, असं महादू म्हणतो. तेव्हा दोन्हीकडून तुला यावं तर लागणारच. खडू आणू नकोस, शाळेत आहेत.