कोड माझ्या फोनवर येते

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा भाजी करपली. पोरगी मनीषनगरात खोली करून राहते. युनिव्हर्सिटीची लायब्ररी तिथूनच कॉम्प्युटरवर उघडते म्हणे, व्हीपीएन लावून. पण त्याचा कोड येते माझ्या फोनवर. ॲडमिशनच्या वेळी तिच्याजवळ फोन नव्हता, म्हणून माझाच नंबर दिला होता.

रोज संध्याकाळी तिचा फोन, अन् तेच. "आई वं, कोड सांग ना लवकर!" चष्मा शोधा, आकडे वाचा, तोवर इकडे कढई जळते.

आज ओरडलीच मी. "तुझ्या युनिव्हर्सिटीची चपराशी आहो का मी?"

ती म्हणाली, "बरं. उद्या नंबर बदलवून घेतो."

मी म्हटलं, घे.

करपलेली भाजी एकटीनंच खाल्ली. आता कोड नाही, तर रोज फोन कशाले करन ती? गॅस बारीक करता आला असता मले.