खडूची खूण

बुधवार, १७ ऑक्टोबर १९८४, भांडुप

डोकं फिरलंय नुसतं. खारदांड्याच्या नाखव्याने सकाळी बोटीच्या पंख्याचा शाफ्ट आमच्या वर्कशॉपात आणून टाकला. "बोट थरथरते. वाकलाय बहुतेक. बाकीच्या बोटी गेल्या, माझीच किनाऱ्यावर आहे."

मी शाफ्ट लेथच्या दोन सेंटरच्या टोकांमध्ये धरून फिरवला, खडू टेकवला. खूण एकाच बाजूला उठली, म्हणजे वाकलेला. मागून फ्रान्सिस मिस्त्री म्हणाले, "अरे, आधी खाचेच्या ठोकळ्यांवर फिरवून बघ ना." मी म्हटलं, "मिस्त्री, खडू खोटं बोलत नाही." कशाला बोललो असं?

सरळ करायला तीनदा प्रेसखाली दाबला. दर वेळी खडूची खूण नव्या जागी! संध्याकाळी मिस्त्रींनी शाफ्टच्या टोकावर बोट ठेवलं. सेंटर जिथे बसतं ते भोकच ठेचलेलं. म्हणून सरळ शाफ्टही वाकडा फिरत होता. मला एवढं दिसू नये?

मग ठोकळ्यांवर फिरवला. आता खडू बरोबर एकाच जागी उठतो. आता तो खरंच वाकलाय, माझ्याच दाबण्याने.

उद्या नाखवा येणार आणि पहिलं हेच विचारणार, "किती वाकला होता?"