कोपऱ्यातल्या शेपट्या

४ मार्च
लॅबमध्ये आज लेकीने हाक मारली — "मॅडम, आयसी तापतोय." चेहरा असा, की जन्मात पाहिलं नाही मला! चिप उलटी बसवली होती. मीही विचारलं, "नाव काय तुझं?" तिच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. घरी आल्यावर मात्र अबोला.

चाळिशी उलटल्यावर पीएचडीला बसले. त्याबरोबर असिस्टंटचं काम मिळालं ते नेमकं तिच्याच वर्गाचं, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं. विषयाच्या सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, पेपरवर नावं नसतात, नुसते नंबर, निर्धास्त तपासा. निर्धास्त!

५ मार्च
के-मॅप शिकवला, सर्किट सोपं करायचा शून्य-एकांचा तक्ता. शेजारशेजारच्या चौकटींना वेढा घालायचा, हे पोरांना जमतं. पण तक्त्याचे चारही कोपरे एकमेकांचे शेजारी, हे पचत नाही. कागद गुंडाळून कडेला कड लावून दाखवली, तेव्हा दोघा-तिघांचे डोळे उघडले.

लेकीला घरी शिकवताना मी कोपऱ्यातल्या वेढ्यांना बाहेर वळलेल्या शेपट्या काढायला लावलं होतं, म्हणजे विसर पडत नाही. वर्गात मुद्दाम काढल्या नाहीत. तिची खूण ठरेल असं काही फळ्यावर नको.

१९ मार्च
पेपरांचा गठ्ठा. एक फार आवडला — पठ्ठ्याने तक्ताच सरकवून चारही कोपरे मधोमध आणले होते. समासात लिहिलं, "सुरेख! हे कोणी शिकवलं?"

आणि त्याच्याखालच्या पेपरात शेपट्या.

अक्षर तिचंच का, सांगता येईना. हल्ली ती सगळं टाइप करते. मी तिचं अक्षर शेवटचं पाहिलं कधी? पण शेपट्या आणखी कोण काढणार? काउंटरची आकृती बरोबर होती, फक्त क्लिअरची, म्हणजे काउंटर शून्यावर आणणारी, तार मोकळी सोडलेली. या चुकीला सगळ्यांचा एक गुण कापत आले होते. इथे चार कापले. बेरीज केली. पास व्हायला दोन कमी.

तसाच ठेवला गठ्ठ्यात.

२० मार्च
नवऱ्याला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "परक्याच्या पोरीचे कापले असतेस का चार?"

नाही. आपल्याच पोळीवर तूप ओढलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तिच्यापुढचं ताटच ओढून घेतलं. याला मी शिस्त म्हणत होते! जेवताना तिला पेपर कसा गेला विचारलं. म्हणाली, "ठीक." मीच ताट अर्धं टाकून उठले.

२१ मार्च
सरांच्या दारापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा आत माणसं होती. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, तरी परतले.

२२ मार्च
सांगितलं एकदाचं. किती कापले, का कापले, सगळं. सरांनी चष्मा चढवून पेपर स्वतः तपासला आणि तीन गुण परत दिले. पास. मी उठायला लागले तर म्हणाले, "बसा. यादीत नाव बघूनच जा, नाहीतर घरी जाऊन पुन्हा काहीतरी उकराल."

नाव लेकीचं नव्हतंच! शेवटच्या बाकावरच्या त्या उंच पोराचं होतं. हा विषय त्याचा दोनदा राहिलाय. या खेपेला राहिला असता तर कॉलेजच सुटलं असतं. आधी हायसं वाटलं, मग उमगलं — आपल्या पोरीवरून बोल लागेल या धाकाने परक्याचं पोर बुडवत होते मी.

जिन्यात तो भेटला. शेपट्यांचं सहज विचारलं. तोंडभर हसून म्हणाला, "तुमच्या मुलीनेच शिकवल्या, मॅडम. रोज बसवते आम्हाला इथे पायरीवर. मारत नाही एवढंच."

आज जेवले पोटभर.

२३ मार्च
लेकीला म्हटलं, अख्ख्या बाकाला शेपट्या शिकवल्यास म्हणे? मानही वर न करता म्हणाली, "त्यांना लागतात. मी नाही काढत आता."

थोडं लागलं मनाला. मग वाटलं, बरंच आहे.

२६ मार्च
आज पेपर वाटले. घरी आले तर फ्रिजवर एक पान चिकटवलेलं. समासात माझी लाल शाई — "सुरेख! हे कोणी शिकवलं?" खाली निळ्या शाईत, बारीक, तिरक्या अक्षरात:

"आईने. लॅबमध्ये कुणाला सांगू नका, मॅडम."